"पोरं मिळत नाहीत" म्हणणाऱ्या बेळगावच्या कारखानदारांना खुले पत्र

उद्यमबाग, मच्छे या औद्योगिक वसाहतींतल्या आणि आसपासच्या फाउंड्री (लोखंड ओतायचे कारखाने) व मशीन शॉपच्या मालकांना,

सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्यापैकी एकाच्या घरी वास्तुशांतीला जेवायला होतो. पंगतीत डाव्या-उजव्या हाताला सगळे कारखानदारच. पहिला भात संपायच्या आत विषय निघाला, "सर, ऑर्डरी हायत, मशीन हायत, पोरंच मिळेनात की ओ." समोरच्याने मान डोलावली. तिसरा म्हणाला, आताच्या पोरांना घाम गाळायला नको, मोबाइल पाहिजे. मी पाहुणा होतो, पान वाढलेलं होतं, म्हणून गप्प बसलो. घरी आल्यावर मात्र झोप लागली नाही. एकोणतीस वर्षं मी आयटीआयमध्ये मुलांना टर्नरचं, म्हणजे लेथवर लोखंड कातायचं, काम शिकवलं. तुमच्या शॉपमध्ये आज जे सेटर (मशीन जुळवून देणारे) आणि फोरमन आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांचा पहिला टूल मी शेजारी उभा राहून ग्राइंड करून घेतलेला आहे. पंगतीत जे बोलायला हवं होतं, ते आता लिहितो.

पोरं आहेत. पहाटे पाचला येळ्ळूरच्या नाहीतर कडोलीच्या रस्त्याने जाऊन बघा. अंधारात धावताना दिसतील. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्याच गावात, त्यामुळे भरतीची ओढ इथे घराघरांत. २०२२ पासून अग्निवीर म्हणून चार वर्षं आणि त्यांतले पंचवीस टक्केच पुढे कायम, हे त्यांना पाठ आहे. तरी धावतात. रविवारी संध्याकाळी गोव्याच्या बसमध्ये डोकावा. खानापूर, जांबोटी, किणये भागातली पोरं चोर्ला घाट उतरून वेर्ण्याच्या कारखान्यांत जातात, एका खोलीत चौघं-पाचजण राहतात. निपाणीची पोरं कागल आणि गोकुळ शिरगाव गाठतात. जरा धीट असतात ती चाकणपर्यंत जातात. ही घामाला भिणारी पोरं नव्हेत. उद्यमबागेपासून हाकेच्या अंतरावर ज्याचं घर आहे, तो घाट उतरून परक्या गावात भाड्याच्या खोलीत भात शिजवून का खातो, हा प्रश्न आपण स्वतःला विचारलेलाच नाही.

पगार हे एक कारण आहेच. ते मी नाकारत नाही. पण त्याहून खोल कारण मला वेगळं दिसतं. इथे पोरगा काम शिकतो, आणि शिकल्याचा कागद त्याला कधी मिळत नाही.

येळ्ळूरचा एक मुलगा माझ्या चांगल्या माहितीतला आहे. दहावीनंतर मामाच्या ओळखीने एका फाउंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे रेतीचे साचे भरायला, लागला. मी तिथे दुसऱ्याच कामाला गेलो होतो, तेव्हा त्याला बघितलं. मिक्सरमधून रेती आली. त्याने मूठभर उचलली, आवळली आणि मूठ उघडली. रेतीच्या गोळ्यावर चारी बोटांचे ठसे स्वच्छ उमटले होते, तळहाताला मात्र कण चिकटला नव्हता. मग दोन्ही हातांनी त्याने तो गोळा मधोमध मोडला. मोडलेल्या कडा तशाच धारदार राहिल्या, भुगा झाला नाही. "सर, आता पाणी बरोबर हाय. सकाळची ओली होती. तशीच भरली असती तर निम्म्या कास्टिंगला ब्लो होल आले असते." ब्लो होल म्हणजे ओतलेल्या लोखंडात वाफेने राहिलेली भोकं. मॉइश्चर तपासायचं मशीन त्या शॉपमध्ये होतं, ते कपाटात. रेतीचा निकाल त्या पोराच्या मुठीत लागत होता. पॅटर्न (ज्यावर साचा भरतात तो नमुना) काढण्याआधी किती ठोकायचं, व्हेंट (वाफ जायची भोकं) कुठे मारायच्या, कोअर (आतल्या पोकळीचा रेतीचा गाभा) बसवताना हात किती हलका ठेवायचा, हे सगळं त्याला येत होतं. पाच वर्षांत त्याने ते मिळवलं होतं.

हाच मुलगा गेल्या वर्षी वेर्ण्याला मुलाखतीला गेला. आयटीआय? नाही. अप्रेंटिस केलंस? नाही. मग काय येतं? पाच वर्षं मोल्डिंग केलंय, म्हणाला. कुठे लिहिलंय ते? कुठेच लिहिलेलं नव्हतं. इथल्या हजेरीत त्याचं नाव ठेकेदाराच्या माणसांत होतं आणि पुढे शब्द होता 'हेल्पर'. तिथेही त्याला हेल्पर म्हणूनच घेतला. फोनवर मला म्हणाला, "सर, काम येतंय की मला. कागद तेवढा नाही."

हे एकट्या त्याचं नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात एक आकडा आहे. १५ ते २९ वयाच्या तरुणांपैकी रीतसर व्यवसाय प्रशिक्षण घेतलेले ४.४ टक्के, आणि अनौपचारिक रीतीने शिकलेले, म्हणजे बापाकडून, मिस्त्रीकडून, कामावर बघून बघून शिकलेले, १६.६ टक्के. प्रमाणपत्रवाल्या एकामागे जवळजवळ चार पोरं अशी आहेत की ज्यांच्या हातात विद्या आहे आणि खिशात काही नाही. मी ज्या खात्यात जन्म काढला, ते खातं त्या एकासाठी चालतं. उरलेल्या चौघांची शाळा म्हणजे तुमची शॉप आहेत. आयटीआय मोठी की उद्यमबाग मोठी, असं कोणी विचारलं तर मी उद्यमबागेचं नाव घेईन.

गरीब आणि विकसनशील देशांत बऱ्याच ठिकाणी हेच चित्र आहे. पश्चिम आफ्रिकेत बेनिन नावाचा लहानसा देश आहे. तिथेही पोरं उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबून शिंपीकाम, मेकॅनिकचं काम शिकतात. तिथल्या सरकारने या पोरांची शाळेत रवानगी केली नाही. वर्कशॉपमध्ये शिकलेल्यांचीच परीक्षा घेऊन त्यांना सरकारी प्रमाणपत्र द्यायची सोय केली. आपल्यापेक्षा कितीतरी गरीब देश. हे वाचलं तेव्हा मला आपल्या पोरांसाठी वाईट वाटलं.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. अप्रेंटिस कायदा १९६१ चा. २०१४ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि २०१९ मध्ये नियम आणखी बदलले. त्या नियमांप्रमाणे कंत्राटी माणसं धरून ३० किंवा अधिक कामगार असतील, तर एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. चार माणसांच्या शॉपलाही घ्यायचे असतील तर घेता येतात. दहावी झालेल्या मुलाला महिना किमान ६,००० रुपये विद्यावेतन २०१९ च्या त्या नियमांत धरलं होतं. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय अप्रेंटिस प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकार देतं. म्हणजे त्या ६,००० मधले ४,५०० तुमचे. मुदत संपली की परीक्षा होते, आणि पास झाला की देशभर चालणारं प्रमाणपत्र त्याच्या हातात पडतं. एका चुकीच्या ऑफसेटने (टूलच्या मापाचा आकडा) संगणकावर चालणाऱ्या व्हीएमसी मशीनवर अर्धी पाळी रिजेक्शनमध्ये गेली तर किती जातात, हा हिशेब तुम्हीच करा. मला तो तुमच्याएवढा येत नाही.

दोष सगळा तुमच्या माथी मारायचा नाही. आमच्याकडेही कमी नव्हतं. टर्नरचा कोर्स दोन वर्षांचा, पण कित्येक वर्षं माझ्याकडे एका लेथवर चार-चार मुलं असायची. एक जण टूल लावायचा आणि तिघं बघायचे. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, कसं वाचायचं हे मी फळ्यावर काढून शिकवलेलं आहे, आणि फळ्यावर शिकलेलं व्हर्नियर हातात आल्यावर विसरतं. अलीकडे कर्नाटक सरकारने टाटा टेक्नॉलॉजीजबरोबर १५० सरकारी आयटीआयमध्ये नवीन यंत्रं आणली, त्याचा आनंद आहे. तरीही वितळलेल्या लोखंडाचा लॅडल खांद्याजवळून जाताना पाय कुठे ठेवायचा, डिलिव्हरीच्या दिवशी डोकं शांत कसं ठेवायचं, गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या जॉबकडे कसं बघायचं, हे कुठलीही संस्था शिकवू शकत नाही. ते तुमच्याकडेच शिकता येतं. फाउंड्रीमनचा ट्रेड आयटीआयमध्ये एक वर्षाचा आहे, पण आमच्या गावचं पोर तो निवडताना मी क्वचितच बघितलं. गावात फाउंड्री म्हटलं की लोकांना ठेकेदार आणि धूर आठवतो.

आता एक गोष्ट, जी लिहावी की नको याचा बरेच दिवस विचार केला. कारखान्याचं नाव घेत नाही. मी स्वतः पाठवलेली चार मुलं एका ठिकाणी शिकायला लागली. अकरा महिने त्यांना फेटलिंगवर ठेवलं. सकाळी आठपासून एमरीच्या चाकावर कास्टिंग घासणं. लेथ त्यांनी लांबून बघितला. करार झाला नव्हता, "करू सर, करू" एवढंच. एक दिवस त्यांतल्या एकाच्या डोळ्यात एमरीची ठिणगी गेली. चष्मा होता तो फुटका, दोरीने बांधलेला. ऑपरेशनचा खर्च आला तेव्हा उत्तर मिळालं, तो आमच्या रोलवर नाही. आईने मुलीच्या लग्नासाठी लावलेली भिशी मध्येच उचलली. डोळा वाचला, नजर पूर्ण आली नाही. अप्रेंटिस कायद्यात साफ लिहिलंय की शिकताना अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकाची. करार नसतानाही त्याला भरपाई मागता आली असती, पण तो तिथे कामाला होता हेच दाखवायला कागद नव्हता. त्याच्या आईसमोर मी बसलो होतो. तिने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. पाठवलं मीच होतं.

म्हणून कागद, कागद म्हणतोय. कागद म्हणजे नोकरीची हमी नव्हे, कायदाही तशी हमी देत नाही. पण तो कोणाचा आहे, काय शिकतोय, किती दिवस शिकणार, काही झालं तर कोण बघणार, एवढं त्यात लिहिलेलं असतं.

तुमचं पहिलं उत्तर मला माहीत आहे. शिकवायचं आम्ही आणि पळवायचं दुसऱ्याने. खरं आहे. शेजारच्या शॉपने हजार रुपये जास्त दिले की पोरगा सरकतो, हे मीही बघितलंय. पण आज काय होतंय? न शिकवताही जातच आहेत. दिवाळीला गावी गेलेला ऑपरेटर परत येत नाही आणि मशीन आठवडाभर ताडपत्रीखाली राहतं. शिकवलेला पोरगा शेजारी गेला तर निदान उद्यमबागेत राहिला. उद्या तो तुमच्याकडेही येईल, शेजाऱ्याने शिकवलेला. सगळ्यांनी शिकवलं तर पळवापळवी थांबणार नाही, पण तिची भीती जाईल. आणि जरा मागे वळून बघा. तुमच्यातले कितीतरी जण स्वतः दुसऱ्याच्या लेथवर उभे राहून शिकले आणि मग एक जुना लेथ घेऊन भाड्याच्या शेडमध्ये धंदा सुरू केला. तेव्हाच्या मालकाने 'हा उद्या जाईल' म्हणून टूल हातात दिला नसता, तर आज ही उद्यमबाग कुठे असती?

दुसरं उत्तर असतं, आमचं शॉप लहान, दोन लेथ आणि एक ड्रिल, आम्ही काय शिकवणार. याला माझ्याकडे खरंच चांगलं उत्तर आहे. अप्रेंटिस कायद्याने अनेक मालकांनी मिळून अप्रेंटिस शिकवायची मुभा दिली आहे. आपल्याकडे एका गल्लीत काय काय असतं बघा. कोपऱ्यावर पॅटर्न बनवणारा, पुढे फाउंड्री, तिच्या समोर मशीन शॉप, मागच्या शेडमध्ये गेज आणि इन्स्पेक्शन. अशा पाच जणांनी मिळून दहा पोरं घ्यावीत आणि चार-चार महिन्यांनी फिरवावीत. पॅटर्नला ड्राफ्ट (बाजूंना थोडा उतार) का देतात हे ज्याने लाकडात बघितलं, रेतीत बघितलं आणि मग लेथवर त्याच कास्टिंगचं बोअरिंग (आतलं भोक मापात कातणं) केलं, असा पोरगा मोठ्या कंपनीतही सहज तयार होत नाही. मोठ्या कंपनीत त्याला एकच स्टेशन मिळतं. आपल्या गल्लीत अख्खा धंदा दिसतो. बेळगावची ही ताकद आपण कधी वापरलीच नाही, याची मला फार खंत आहे. शिवाय पॅटर्नचे जुने कारागीर आता थकलेत. त्यांच्या हाताखाली पोरं आजच बसली नाहीत तर ती विद्या त्यांच्याबरोबर जाईल.

फॉर्म, पोर्टल, ऑनलाइन, याचा त्रास होतो हे मान्य. त्याचं शेवटी सांगतो.

भाषेबद्दल थोडं बोलायला हवं. आपल्या शॉपमध्ये मिस्त्री मराठीत सांगतो, ऑपरेटर कन्नडमध्ये उत्तर देतो, फेटलिंगची ओडिशा-बिहारची पोरं हिंदी बोलतात आणि ड्रॉइंग इंग्रजीत असतं. काम अडत नाही, कारण लोखंडाची भाषा सगळ्यांना येते. अडतं ते परीक्षेत. मराठी शाळेतून आलेला पोरगा सुतात विचार करतो, दोन सूत, तीन सूत. बोअर एक केस मोठा झालाय हे त्याच्या बोटाला कळतं. पण ड्रॉइंगवरची अधिक-उणे वीस मायक्रॉनची चिन्हं बघितली की गप्प होतो आणि लोक म्हणतात, याला येत नाही. शनिवारी पाळी संपल्यावर अर्धा तास एखाद्या जुन्या मिस्त्रीने पोरांना ड्रॉइंग घेऊन बसवावं, जॉब टेबलावर ठेवावा आणि रेघ न् रेघ त्याच्याशी जुळवून दाखवावी, मराठीत, कन्नडमध्ये, ज्याला जे कळेल त्यात. सीमाभागात भाषेवरून काय काय झालं ते आपण सगळ्यांनी भोगलंय, ते इथे काढत नाही. एवढंच मागतो की करारावर सही घेण्याआधी तो पोराला आणि त्याच्या घरच्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवा. एमरीजवळची सूचना कन्नडबरोबर मराठीत आणि हिंदीतही लावा. डोळा सगळ्यांचा सारखाच असतो.

मुलींचं तर कोणी नावही काढत नाही. निपाणीत विड्या वळून ज्या बायांनी घरं चालवली, त्यांच्या नाती आज आयटीआय करतायत, डिप्लोमा करतायत. वडगाव-शहापूरच्या मागावर ज्यांच्या आयांची बोटं चालली, त्या मुलींच्या बोटांत मायक्रोमीटर सुरेख बसतो. ती नजर मी वर्गात बघितली आहे, मुलग्यांपेक्षा कमी चुका. इन्स्पेक्शनला मुली का नाहीत विचारलं तर एका मालकाने खरं सांगितलं, "सर, आमच्याकडे बायकांसाठी संडासच नाही." मग बांधा की. एका सेकंडहँड ड्रिलच्या पैशात होईल.

आता माझं मागणं. दोनच गोष्टी आहेत.

पहिलीला पैसा लागत नाही. तुमच्याकडे जी पोरं दोन, चार, पाच वर्षं काम करतायत, त्यांना लेटरहेडवर चार ओळी लिहून द्या. हेल्पर नको. जे करतो तेच लिहा. मोल्डर असेल तर मोल्डर, हँड मोल्डिंग की मशीन, कुठल्या वजनापर्यंतचं कास्टिंग, कुठल्या साली लागला. ठेकेदारामार्फत असला तरी लिहा, काम तुमच्याच छपराखाली केलंय. आधीच्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय सरकारच्या कौशल्य योजनेत आहे. तिथे जाताना अशा चार ओळींचा मोठा आधार होतो. येळ्ळूरच्या त्या मुलाचे मालक हे पत्र वाचत असतील तर त्यांना हात जोडून विनंती आहे, त्याचं पत्र या आठवड्यात द्या. तो रविवारी घरी येतो.

दुसरी गोष्ट खंडेनवमीची. त्या दिवशी आपण सगळे मशीन पुसून घेतो, लेथला झेंडूचा हार घालतो, टूलपोस्टवर हळदकुंकू वाहतो, कामगारांना पेढे देतो. यंदा पूजेच्या ताटाशेजारी अप्रेंटिसच्या कराराचे कागदही ठेवा. पोराला आणि त्याच्या आईबापाला बोलवा, वाचून दाखवा आणि तिथेच सह्या करा.

फॉर्मची काळजी करू नका. मी निवृत्त माणूस आहे. मंगळवार आणि शनिवार सकाळी दहापासून मी मोकळा असतो. पोर्टलवर नाव कसं घालायचं, करार कसा भरायचा, सरकारच्या हिश्शासाठी पोराचं बँक खातं कसं जोडायचं, हे मी तुमच्या ऑफिसात बसून करून देईन. चहा पुरे. पंगतीतले तुम्ही चौघं-पाचजण एकाच गल्लीत आहात. तुमच्यापासून सुरुवात करू. पहिली दहा पोरं मी आणतो, माझ्याकडे नावं तयार आहेत.

आपला,
एक निवृत्त टर्नर इन्स्ट्रक्टर
बेळगाव